किंमत, भाव, दर, मूल्य: कुठे कोणता शब्द लिहावा

दरपत्रक, करारनामा किंवा बातमी लिहिताना हे चार शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. बोलताना ते खपून जातं, कागदावर मात्र त्याच ढिलाईतून वाद निघतात. शब्द निवडण्याआधी दोन गोष्टी तपासा. आकडा एका एककाचा आहे की एकूण रकमेचा? आणि तो व्यवहारात ठरलेला आहे की कुणी कागदावर नोंदवलेला?

एककामागचा आकडा असेल तर ‘दर’: प्रतिकिलो, प्रति चौरस मीटर, दरसाल दरशेकडा. ‘दर’ लिहिला की एकक लिहायलाच हवं; ‘रंगकामाचा दर 22 रुपये’ यातून काहीच कळत नाही. ‘दर किलोचा दर’ असंही लिहू नका, तिथे ‘प्रतिकिलो दर’ बरा. ‘भाव’ म्हणजे बाजारात चढणारा-उतरणारा दर; म्हणून शेतमालाचा, सोन्याचा, शेअरचा भाव म्हणतात आणि वीज, पाणी, पोस्ट यांचे दर म्हणतात, कारण ते कुणीतरी ठरवून जाहीर केलेले असतात. बाजार समितीचा भाव देताना क्विंटलमागे किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीनही आकडे द्या. नुसता कमाल भाव छापला की एखाद्या निवडक ढिगाला मिळालेला पैसा सगळ्या मालाला मिळाला, असा वाचणाऱ्याचा समज होतो.

‘किंमत’ ही ठरावीक वस्तूची, ठरावीक व्यवहारातली. 1930 च्या मालविक्री कायद्यात किंमत म्हणजे पैशांच्या रूपातला मोबदला. ‘मोबदला’ त्याहून व्यापक. त्यात वस्तू, सेवा, हक्क सोडणं असं काहीही येऊ शकतं. फ्लॅटच्या बदल्यात जमीन दिली जात असेल तर करारात ‘किंमत’ नव्हे, ‘मोबदला’ लिहा. वेष्टनावर असते ती ‘कमाल किरकोळ किंमत’, आणि ती सर्व करांसह असते. त्यामुळे ‘छापील किंमत अधिक जीएसटी’ ही मागणी चुकीचीच. शब्द ‘कमाल’ आहे. त्याहून कमी घ्यायला कुणाची आडकाठी नाही.

‘मूल्य’ जरा अवघड, कारण विक्री झाली नसली तरी ते असतं. कुणीतरी ते ठरवलेलं, घोषित केलेलं किंवा छापलेलं असतं. म्हणून मूल्यापुढे कोणतं ते विशेषण हवंच: दर्शनी, बाजार, पुस्तकी (हिशेबवहीतलं), घोषित, करपात्र. सगळ्यात जास्त फसगत दर्शनी मूल्यात, म्हणजे शेअरवर नोंदवलेल्या मूळ रकमेत, होते. समजा शेअरचं दर्शनी मूल्य 10 रुपये, बाजारभाव 480 आणि कंपनीने 50 टक्के लाभांश जाहीर केला. हातात शेअरमागे 5 रुपये येतात, 240 नव्हे. टक्केवारी दर्शनी मूल्यावर मोजतात. त्याच शेअरचं विभाजन करून दर्शनी मूल्य 2 रुपये केलं तर एकाचे पाच शेअर होतात. बोनस शेअर दिले तर संख्या वाढते, दर्शनी मूल्य तेच राहतं. ‘शेअरचं मूल्य घसरलं’ असं मोघम लिहिलं की वाचणाऱ्याने यातलं काय समजायचं?

घरखरेदीतही असंच. करारातला मोबदला 60 लाख आणि शासकीय दरांप्रमाणे बाजारमूल्य 68 लाख निघालं, तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क 68 लाखांवर लागतं. दोहोंतली जास्त रक्कम धरतात. दस्तात दोन्ही आकडे आपापल्या नावाने वेगळे लिहा.

‘शुल्क’ सेवेचं किंवा परवानगीचं, ‘भाडं’ वापराचं. ‘मोल’ आणि ‘दाम’ वाक्प्रचारांत शोभतात (कवडीमोल, मोलाचा सल्ला), दरपत्रकात नकोत. काही आकारायचं नसेल तर वस्तूला ‘विनामूल्य’, सेवेला ‘निःशुल्क’, दोन्हींना ‘मोफत’ चालतं. ‘फुकट’ जाहिरातीत घालू नये, त्याला हलकेपणाचा वास येतो.

आता प्रत्यय, कारण बातम्यांतल्या निम्म्या चुका इथल्याच. ‘भाव 50 रुपयांनी घसरला’ आणि ‘भाव 50 रुपयांवर घसरला’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात घट सांगितली, दुसऱ्यात घटीनंतरचा भाव. व्याजदर 8 वरून 10 टक्क्यांवर गेला तर वाढ 2 टक्के नाही, 2 टक्के-अंश (दोन टक्केवारींतला थेट फरक) आहे. टक्केवारीत ती 25 टक्के होते. ‘दुपटीने वाढला’ टाळा, कुणी दुप्पट धरतं, कुणी तिप्पट. ‘दुप्पट झाला’ लिहा.

लेखनात ‘मुल्य’ नव्हे, ‘मूल्य’. ‘किंमत’ला अनुस्वार आहे, पण विभक्ती लागली की तो जातो: किमतीला, किमतीत.

दरपत्रकात दरासोबत एकक, कर धरून की वेगळा, वाहतूक कुणाकडे आणि दर कोणत्या तारखेपर्यंत लागू, हे एकाच ओळीत द्या. ‘दर बदलू शकतात’ एवढंच लिहून भागत नाही. एकूण रक्कम अंकी आणि अक्षरी दोन्ही लिहा आणि ताडून पाहा. धनादेशावर दोन्हींत तफावत असेल तर 1881 च्या परक्राम्य संलेख कायद्याप्रमाणे अक्षरी रक्कम धरायची असते. प्रत्यक्षात बँक बहुधा तो न वटवता परतच पाठवते.