पावसाळ्याआधी हॉट स्टॅम्पिंगच्या लाइनची तयारी

मे संपत आला आणि नवी मुंबईत रबाळ्याच्या शेडमध्ये सकाळपासूनच शर्ट अंगाला चिकटायला लागला, की आम्ही लाइन तपासायला घेतो. हॉट स्टॅम्पिंग म्हणजे पत्रा फर्नेसमध्ये (भट्टीत) तापवून, पाण्याने थंड ठेवलेल्या डायमध्ये (साच्यात) दाबून कडक करणं. इथे गाडीचे बी-पिलर (पुढच्या-मागच्या दारांमधला खांब), डोअर बीम (दारातली आडवी पट्टी) बनतात, म्हणजे धडक बसली तर माणूस आणि पत्रा यांच्यामध्ये उभे राहणारे भाग. त्यामुळे खालचं काही 'नंतर बघू' म्हणून सोडू नका.

आधी माल बघा. कॉइल (पत्र्याची गुंडाळी) बोरॉन स्टीलची, 22एमएनबी5 ग्रेडची आणि वर अॅल्युमिनियम-सिलिकॉनचं कोटिंग. हे कोटिंग दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला 150 ग्रॅमचं येतं, तसंच 80 ग्रॅमचंही येतं. नजरेला दोन्ही सारखीच, पण फर्नेसमधला वेळ वेगळा, म्हणून टेस्ट सर्टिफिकेट वाचल्याशिवाय ब्लँक (भागासाठीचे सपाट तुकडे) कापायला घेऊ नये. कॉइल शेडच्या आत, लाकडी ठोकळ्यांवर ठेवा. खाडी जवळ आहे आणि ताडपत्रीखाली घाम धरतो.

फर्नेस 930 अंशांच्या आसपास चालते. कोटिंग 600 अंशांच्या आतच वितळायला लागतं, मग पोलादातलं लोखंड त्यात चढतं आणि थर पुन्हा घट्ट होतो. घाई केली तर ओला थर रोलरला चिकटतो. जास्त वेळ ठेवलं तर पुढे स्पॉट वेल्डिंगला त्रास. बंद काळात सिरॅमिक रोलर टॉर्च लावून एकेक बघा. चंदेरी पापुद्रा किंवा बारीक तडा दिसला तर तो रोलर बदलाच. थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) लावलेला एक ब्लँक आतून फिरवून तापमानाचा आलेख काढून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: हवेतली वाफ. तापलेलं अॅल्युमिनियम वाफेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि सुटलेला हायड्रोजन पोलादात शिरतो. थंड झाल्यावर तेच कोटिंग त्याला सहज बाहेर पडू देत नाही, आणि आत अडकलेल्या हायड्रोजनमुळे भागाला नंतर चीर पडू शकते. जुलैत आपल्याकडे दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं) 24-25 अंशांवर असतो. फर्नेसमध्ये तो शून्याच्या खाली, उणे 5 किंवा त्याहून कमी हवा. म्हणून एअर ड्रायरचं डेसिकंट (ओल शोषणारे दाणे) मेमध्येच बदला, दवबिंदूचा मीटर कॅलिब्रेट करून घ्या, फर्नेसच्या दाराचे पडदे फाटलेत का बघा. मी पूर्वी एका कारखान्यात होतो, तिथे डेसिकंट बदलायचं राहिलं. भाग तपासणीत पास झाले, कडकपणाही बरोबर. दोन दिवसांनी रॅकवर ठेवलेल्या भागांच्या कातरलेल्या कडेला केसासारखी चीर दिसली, नखाला लागेल एवढीच. सगळा लॉट थांबवावा लागला. ती चीर मी अजून विसरलो नाही.

प्रेसकडे मुख्य काम पाण्याचं. डायच्या आतली पाण्याची भोकं क्षाराने भरतात, मग एक कोपरा गरम राहतो आणि भाग तिथेच मऊ निघतो. प्रत्येक सर्किटचा फ्लो वेगळा मोजा, इनलेट-आउटलेटचं तापमान लिहा. पोलाद सेकंदाला निदान 30 अंशांनी थंड व्हायला हवं, तरच 1500 मेगापास्कलची ताकद येते. फर्नेसमधून डायपर्यंत ब्लँक दहा सेकंदांच्या आत पोचतोय ना, ते स्टॉपवॉच लावून बघा. ग्रिपरच्या बोटांची झीजही तेव्हाच कळते.

वीज जाणार हे धरूनच चला. रोलर फिरायचे थांबले तर गरम ब्लँक आत तसेच पडून राहतात. डीजी सेट (डिझेल जनरेटर) नुसता रिकामा चालवून बघू नका, लोड टाकून चालवा आणि रोलरच्या ड्राइव्हची लाइन त्यावर येते का बघा. वीज आल्यावर आत अडकलेले ब्लँक थेट भंगारात, प्रेसमध्ये नाही.

शेवटी रोजचे नमुने. प्रत्येक शिफ्टचे दोन भाग ट्रिम करून, वाकवून, ताणाखाली 48 तास ठेवा आणि कडा भिंगाखाली बघा. भागांच्या बिनवर (पेटीवर) खडूने तारीख आणि त्या दिवसाचा दवबिंदू लिहा, म्हणजे रात्रपाळीवाल्याला विचारावं लागत नाही.