पहिली रायफल रुगर १०/२२ असेल तर आधी काय बदलाल?

अमेरिकेत १९६४पासून मिळणारी रुगर १०/२२ ही .२२ एलआर (लाँग रायफल) या छोट्या गोळीची सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे दरवेळी ट्रिगर ओढला की एक गोळी झाडून पुढची आपोआप भरणारी रायफल शिकण्यासाठी फार चांगली. नळी रिसीव्हरला (बोल्ट ज्यात बसतो त्या मधल्या सांगाड्याला) दोनच स्क्रूंनी धरलेली असते आणि सुटे भाग मुबलक मिळतात. त्यामुळेच सगळं एकदम बदलायचा मोह होतो. तो आवरा.

सुरुवात गोळ्यांपासून करा. वेगवेगळ्या कंपन्यांच्या चार-पाच प्रकारच्या गोळ्या घ्या, रायफल टेकवून ५० यार्डांवर प्रत्येकीचे पाच-पाच नेम मारा आणि ते कागद तारीख घालून जपून ठेवा. .२२ रायफल गोळ्यांबाबत भारी चोखंदळ असते. नव्या नळीचा खर्च अनेकदा इथेच वाचतो. पुढे कोणताही एक भाग बदललात की त्याच गोळीने पुन्हा तीच चाचणी घ्या, म्हणजे फरक कशामुळे पडला ते कळेल.

मग दुर्बीण. त्यानंतर ट्रिगर. मूळचा ट्रिगर जड असतो, म्हणजे ओढायला जास्त जोर लागतो. रुगरचाच बीएक्स ट्रिगर साधारण २.५ ते ३ पौंडांच्या जोरात सुटतो आणि अख्खा संच दोन पिना काढून बसवता येतो. जुना सिअर (ट्रिगर ओढेपर्यंत हॅमर अडवून धरणारा भाग) कानशीने घासून हलका करू नका, रायफल धक्क्याने सुटू शकते.

हात लावण्याआधी दरवेळी मॅगझिन काढा, बोल्ट ओढा, चेंबर (नळीत गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी आणि बोटाने तपासा. तोंडाला बाहेरून आटे पाडलेली नळी किंवा घडीचा दस्ता घेण्यापूर्वी तुमच्या राज्याचा कायदा पाहा. एच-१बीसारख्या व्हिसावर असाल, तर बंदूक बाळगण्यावरच संघीय कायद्याची बंदी आहे. शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत, ते वकिलाकडून आधी समजून घ्या.