रेताड वाटणारी माती चिकण निघते तेव्हा

हाताला खरखरीत लागली की मातीला रेताड ठरवायचं, आणि मग पाणी जिरत का नाही म्हणून डोकं धरायचं. चूक चाचणीत असते. चिकणमातीचे कण गोळ्यांत घट्ट बांधलेले असतात. ते सुटे न करता माती पाण्याबरोबर बरणीत ढवळून थर मोजले तर वाळूबरोबरच तळाला बसतात.

उपाय असा: माती वाळवून २ मिमी चाळणीतून गाळा. ५० ग्रॅम मातीत ५ टक्के सोडियम हेक्झामेटाफॉस्फेटचं (कण सुटे करणारं रसायन) १०० मिली द्रावण घालून रात्रभर ठेवा, मिक्सरवर ५ मिनिटं फिरवा, सिलिंडरमध्ये पाणी घालून १ लिटर करा. मग हायड्रोमीटर (पाण्यात किती ग्रॅम माती तरंगते आहे ते दाखवणारं उपकरण) सोडून वाचन घ्या: ४० सेकंदांनी, वाळू बसल्यावर, आणि २ तासांनी, गाळही बसल्यावर. दोन्हीतून मातीशिवाय तेवढंच द्रावण १ लिटर करून घेतलेलं वाचन वजा करायचं. हे विसरलात तर चिकणमाती फुगून दिसते. पाण्याचं तापमान २० अंश सेल्सिअसच्या वर असेल तर प्रत्येक अंशाला वाचनात ०.३६ मिळवा.

समजा दुरुस्त वाचनं २५ आणि २० आली. ५० ग्रॅमपैकी २५, म्हणजे गाळ व चिकणमाती मिळून ५० टक्के, आणि वाळू ५०. ५० पैकी २०, म्हणजे चिकणमाती ४०, उरलेला गाळ १०. वाळू ४५ आणि चिकणमाती ३५ टक्के किंवा जास्त, म्हणून वर्ग वाळूमिश्रित चिकणमाती. चिकणमाती २० ते ३५ असती तर वाळूमिश्रित चिकण पोयटा.

शेतातच अंदाज हवा तर ओली माती अंगठ्याने दाबून फीत काढा: ५ सेंमीपेक्षा लांब आणि तरीही खरखरीत, तर हाच वर्ग.

अशा जमिनीत वाळू टाकू नका, ती आणखी टणक होते. कुजलेलं शेणखत घाला, वाफसा आल्यावरच नांगरा. जिप्समचा उपयोग जमीन चोपण (सोडियम जास्त असलेली) असेल तरच.