सूर्यासाठी आरशाचं कोटिंग काढताना या चुका टाळा

सूर्य पाहण्यासाठी काही हौशी लोक आरशाच्या दुर्बिणीतल्या आरशांवरचा चकचकीत थर (कोटिंग) काढून टाकतात, म्हणजे उघडी काच थोडाच प्रकाश परत पाठवते. ६ इंची आरशावरचा अ‍ॅल्युमिनियमचा थर जेमतेम १०० नॅनोमीटर जाडीचा असतो. आरशावरचं सगळं अ‍ॅल्युमिनियम गोळा केलं तरी ते ५ मिलिग्रॅमच्या आसपास भरेल. ते काढणं फारसं अवघड नाही. खरी अडचण पुढची आहे. उघड्या काचेचा आरसा म्हणजेच सोलर फिल्टर, अशी अनेकांची समजूत असते. ती पूर्ण चुकीची आहे आणि डोळा गमावण्याइतकी महाग पडू शकते. म्हणून रसायनाची बाटली उघडण्याआधी उजेडाचा हिशेब करायचा.

हिशेब न करता आयपीसला डोळा लावणं

कोटिंग असलेला आरसा सुमारे ८८ टक्के प्रकाश परत पाठवतो, तर उघडी काच फक्त ४ टक्के. ४५ अंशांत बसवलेला, प्रकाश बाजूला वळवणारा छोटा दुय्यम आरसाही उघडा केला, तर तो साधारण ५ टक्के परत पाठवतो. दोन्ही मिळून आयपीसपर्यंत, म्हणजे डोळा लावायच्या भिंगापर्यंत, ०.२ टक्के प्रकाश येतो. एनडी हे प्रकाश किती कमी होतो याचं माप, १ म्हणजे दहापट कमी, २ म्हणजे शंभरपट. त्या भाषेत हे झालं २.७. डोळ्याने सूर्य पाहायला एकूण किमान ५ हवं. म्हणजे अजून २.३ कमी पडतं. त्यासाठी आयपीसला एनडी ३.० फिल्टर लावा, बेरीज ५.७ होईल. ६ इंची दुर्बिणीतून १०० ते १५० पट वर्धनाला सूर्यबिंब डोळ्यांना सोसवेल असं दिसतं.

फिल्टर विकत घेताना आकड्यांची गफलत फार होते. कॅमेऱ्याच्या दुकानातला ‘एनडी ८’ म्हणजे प्रकाश आठपट कमी करणारा, आपल्या मोजमापात फक्त ०.९. आपल्याला लागणारा ३.० तिथे ‘एनडी १०००’ या नावाने मिळतो. आयपीसला लावायचा १३ टक्क्यांचा मून फिल्टरही ०.९ चाच असतो, तो इथे अजिबात चालत नाही. शिवाय स्वस्त एनडी काच दिसणारा प्रकाश अडवते, पण इन्फ्रारेड बरंच पुढे जाऊ देते. नेत्रपटलाला वेदना कळत नाही, त्यामुळे इजा होत असताना काहीच जाणवत नाही. एनडीच्या आधी यूव्ही-आयआर कट (अतिनील आणि इन्फ्रारेड अडवणारा) फिल्टर बसवाच.

उघड्या दुय्यम आरशावरून आलेला प्रकाश बराचसा ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, असतो. त्यामुळे आयपीसला पोलरायझर (असा प्रकाश गाळणारा फिल्टर) लावून तो फिरवला की उजेड हवा तसा कमी-जास्त करता येतो. सोय छान आहे, पण पोलरायझर सुरक्षिततेच्या बेरजेत धरू नका. आयपीस बदलताना तो फिरला तर उजेड एकदम दहापट वाढू शकतो.

फक्त मुख्य आरसा उघडा करणं

दुय्यम आरसा कोटिंगसकट ठेवला तर आयपीसकडे ३.५ टक्के प्रकाश येतो. एनडी ३.० लावूनही बेरीज ४.५ च्या खाली राहते. दोन्ही आरसे उघडे करा.

दुय्यम आरशाची मागची बाजूही बघा. ती चकचकीत आणि पुढच्या बाजूला समांतर असेल तर तिच्यावरून दुसरं, जवळजवळ तितकंच तेजस्वी बिंब येतं. ८ मिमी जाडीच्या काचेत ते सुमारे ६ मिमी सरकलेलं असतं. १२०० मिमी फोकल लांबीला सूर्याचं बिंब ११ मिमीचं, म्हणजे दोन बिंबं एकमेकांवर चढतात आणि सूर्यावरचे डाग ओळखू येत नाहीत. उपाय: मागची बाजू २२० नंबरच्या कार्बोरंडमने (घासायच्या पुडीने) पाणी घालून घासून खरबरीत करा. हे काम कोटिंग काढण्याआधी करा. त्या वेळी पुढची बाजू टेपने झाका, म्हणजे सुटलेला कण तिच्यावर जाणार नाही.

मुख्य आरशाच्या बाबतीत ही काळजी नाही. त्याची मागची बाजू सपाट असते आणि तिच्यावरून परतणारे किरण पसरत जातात. त्याने पार्श्वभूमी थोडी धूसर होईल, दुसरं बिंब दिसणार नाही.

कोटिंग काढताना

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मोरी साफ करायचा कॉस्टिक सोडा वापरणं. अ‍ॅल्युमिनियम झटक्यात जातं हे खरं, पण कॉस्टिक काचेलाही खातं. चांगल्या आरशाचा आकार प्रकाशाच्या लाटेच्या लांबीच्या आठव्या भागापर्यंत, म्हणजे ७० नॅनोमीटरपर्यंत अचूक असतो. तिथे ढगाळ डाग पडला तर पॉलिश पुन्हा करण्यावाचून इलाज नाही.

फेरिक क्लोराइड वापरा. पीसीबी (इलेक्ट्रॉनिक्सची सर्किट पाटी) खोदायला तेच लागतं, त्यामुळे मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सहज मिळतं. तयार द्रावणाच्या एका भागाला दोन भाग पाणी पुरे. ५ मिलिग्रॅम धातूसाठी याहून तीव्र द्रावणाची गरज नाही. कोरडी पूड आणली असेल तर ती थोडी थोडी पाण्यात टाका. पुडीवर पाणी ओतलं तर ती तापते आणि आम्लाच्या वाफा येतात. हातमोजे, डोळ्यांना गॉगल, उघड्या खिडक्या आणि प्लास्टिकचा ट्रे हवाच. स्टीलच्या सिंकजवळ हे काम नको, सिंकला खड्डे पडतात.

आरसा सेलमधून (त्याच्या बैठकीतून) काढून आधी साबणाच्या पाण्याने धूळ घालवा. ट्रेमध्ये सुती कापड अंथरून आरसा तोंड वर करून ठेवा आणि तो बुडेल इतकं द्रावण घाला. साधं कोटिंग काही मिनिटांत विरघळतं. वर सिलिकॉन मोनॉक्साइडचा संरक्षक थर असेल तर द्रावण त्यातल्या सूक्ष्म छिद्रांतून आत शिरतं. आधी टिंब टिंब पारदर्शक होतं, मग कडा पसरत जातात. अर्धा तास किंवा जास्तही लागू शकतो. इथे धीर सुटला की लोक कापसाने घासायला घेतात. घासू नका. खालचा धातू गेल्यावर संरक्षक थर पापुद्र्यांनी सुटतो आणि ते पापुद्रे कठीण असतात, त्यांनी ओरखडे पडतात. वाहत्या पाण्याने ते जाऊ द्या.

९५ टक्क्यांहून जास्त परावर्तनाचं डायइलेक्ट्रिक (अनेक पातळ पारदर्शक थरांचं) कोटिंग या पद्धतीने नीट निघत नाही, पट्ट्यापट्ट्यांचे रंगीत अवशेष राहतात. त्यावर हायड्रोफ्लुओरिक आम्ल वापरण्याचा सल्ला कोणी दिला तर मुळीच ऐकू नका. ते माणसाला जीवघेणं आहे आणि काचही खातं. सूर्यासाठी साध्या कोटिंगचा, शक्यतो आधीच खराब झालेला आरसा निवडा.

धुतल्यावर तांबूस डाग राहिले तर

बोअरचं जड पाणी थेट ओतलं की लोहाचा हायड्रॉक्साइड काचेवर बसतो. म्हणून पहिलं धुणं लिटरभर पाण्यात चमचाभर सायट्रिक आम्ल घालून करा, मग नळाचं पाणी आणि शेवटी डिस्टिल्ड वॉटर. आरसा उभा ठेवून निथळू द्या. डाग पडलेच असतील तर त्याच आंबट पाण्यात तासभर बुडवून ठेवा. नंतर काळ्या कापडावर तिरपा धरून बघा. जांभळट किंवा तपकिरी झाक दिसली तर थर शिल्लक आहे, पुन्हा द्रावणात ठेवा.

वापरलेलं द्रावण फेकू नका. जवळजवळ खर्चच झालेलं नसतं. प्लास्टिकच्या बाटलीत भरून, ठळक नाव लिहून, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा.

उरलेल्या ९६ टक्क्यांचा विसर

भर उन्हात ६ इंची आरशावर सुमारे १८ वॉट पडतात. त्यातले १७ आरशातून मागे जातात. आरसा तिथे अंतर्गोल भिंगासारखं काम करतो, त्यामुळे हे किरण एकवटत नाहीत. पण मागची बाजू काळी रंगवली तर उष्णता काचेतच मुरते आणि बिंब थरथरू लागतं. मागची बाजू न रंगवता मोकळी ठेवा, सेलमागचा पत्रा काढून टाका.

याहून धोक्याची गोष्ट नळीच्या पुढच्या तोंडाशी घडते. मुख्य आरशाने परत पाठवलेला प्रकाश सुमारे ०.७ वॉट. त्यातला बहुतेक दुय्यम आरशातून पार होतो, आणि त्याची मागची बाजू खरबरीत केलेली नसेल तर सरळ जाऊन नळीच्या तोंडाजवळ केंद्रित होतो. तिथली तीव्रता उन्हाच्या सुमारे सातपट असते. त्यामुळे पुढून नळीत डोकावायचं नाही, मुलांनाही त्या बाजूला उभं राहू द्यायचं नाही. दुय्यम आरसा मागून फोमच्या दुहेरी टेपने चिकटवलेला असेल तर ती टेप तापून सैल पडू शकते. तिथे सिलिकॉनचे तीन ठिपके द्या.

कोलिमेशन जमत नसेल तर

कोलिमेशन म्हणजे आरसे एका रेषेत जुळवणं. त्यासाठी लेझर लावला की परत येणारा ठिपका फिका दिसतो आणि मागच्या बाजूवरून आलेला आणखी एक अंधूक ठिपका गोंधळ घालतो. अंधाऱ्या खोलीत करा आणि लहान, रेखीव ठिपका धरा. मध्यखूण द्रावणात निघून जाते. ती आरसा सुकल्यावर, आरशाच्याच व्यासाचं कागदी वर्तुळ चार घड्या घालून, नव्याने लावा.

रात्रीचा आरसा त्याच नळीत

ही चूक टाळण्यासाठी सूर्याची नळी वेगळीच ठेवा. नळी एकच असेल आणि कोणी चुकून कोटिंगचे आरसे बसवून ती सूर्याकडे वळवली, तर आयपीसकडे सुमारे ४०० पट जास्त प्रकाश येतो, म्हणजे जवळजवळ १४ वॉट. एनडी फिल्टर काही सेकंदांत तडकतो, आणि तेव्हा डोळा आयपीसलाच लागलेला असतो. नळीवर दोन्ही बाजूंनी ‘फक्त सूर्य, कोटिंग नसलेले आरसे’ असं रंगवा. फाइंडर (नेम धरायची छोटी दुर्बीण) झाकू नका, काढूनच टाका, आणि नळीची जमिनीवरची सावली सगळ्यात लहान करून सूर्य शोधा.