लिस्बनचे चार दिवस, सिंत्रा आणि काश्काइशसह

दोन दिवस शहराला, एक सिंत्राला (टेकडीवरच्या राजवाड्यांचं गाव), एक काश्काइशला (समुद्रकाठचं गाव). एव्होराही रेल्वेने दीड तासावर आहे, पण जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे पारा सहज ३५ अंशांवर जातो. बरोबर लहान मुलं किंवा आजी-आजोबा असतील तर ते सोडूनच द्या.

पोर्तुगालसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शेवटची मुदत १५ दिवस आधीची असली तरी उन्हाळ्यात अपॉइंटमेंटच लवकर मिळत नाही, तेव्हा त्या मुदतीच्या भरवशावर राहू नका. विमा किमान ३०,००० युरोचा लागतो.

पोहोचल्यावर मेट्रोच्या मशीनमधून माणशी एक ‘नावेगांते’ कार्ड घ्या आणि त्यात ‘झॅपिंग’ची रक्कम (प्रवासागणिक कापली जाणारी आगाऊ शिल्लक) भरा. मेट्रो, ट्राम, बस आणि दोन्ही गावांच्या लोकलना तेच चालतं. एका कार्डावर दोघांना आत जाता येत नाही. लोकलमध्ये चढताना आणि उतरल्यावर, दोन्हीकडे कार्ड टेकवायचं.

सोमवारी जेरोनिमोस मठ आणि शहरातली बरीच संग्रहालयं बंद असतात. त्यामुळे त्या दिवशी सगळे सिंत्राकडे वळतात. तुम्ही सोमवार काश्काइशला द्या.

खरी फसगत सिंत्रातच होते. पेना राजवाड्याच्या तिकिटावर छापलेली वेळ राजवाड्याच्या दाराशी हजर राहण्याची असते, बागेच्या फाटकाशी नव्हे. फाटकापासून वर चढायला अर्धा तास धरा. उशीर झाला तर आत सोडत नाहीत. सकाळची पहिली वेळ ऑनलाइन घ्या, आदल्या संध्याकाळीच कार्डात पैसे भरा (सकाळी रोसियो स्टेशनवर रांग असते) आणि तिथूनच लवकरची लोकल पकडा. प्रवास साधारण ४० मिनिटांचा. सिंत्रा स्टेशनबाहेर ४३४ नंबरची बस मिळते. ती एकाच दिशेने फिरते, त्यामुळे आधी पेना आणि मग उतरताना गाव, हाच क्रम सोयीचा. खासगी गाड्यांना वरच्या रस्त्यावर बंदी आहे.

लिस्बनमध्ये घाम निथळत असतानाही पेनाच्या टेकडीवर धुकं आणि गार वारा असू शकतो, म्हणून पातळ जाकीट जवळ ठेवा. दुपारी गावातून चालत किंता दा रेगालेइरा या जुन्या वाड्याच्या बागेत जा. तिथली २७ मीटर खोल विहीर गोल जिन्याने उतरायची आणि तळाच्या भुयारातून बाहेर पडायचं. पायऱ्या ओल्या असतात, गुळगुळीत तळव्याची चप्पल नको.

काश्काइशची लोकल काइश दो सोद्रेहून सुटते. तिथलं पाणी अटलांटिकचं, ऐन ऑगस्टमध्येही चांगलंच गार. गोव्याच्या समुद्राची सवय असलेल्यांनी आधी पाय बुडवून बघावेत. गिंशु किनाऱ्यावर दुपारनंतर वाळू अंगावर उडते, तिथे सकाळीच जावं.

बेलेंला (जेरोनिमोस मठ लिस्बनच्या याच भागात आहे) जाताना हीच लाइन, पण जलद गाडी तिथे थांबत नाही. बोर्डावर थांबे वाचूनच चढा. वास्को द गामाची कबर जेरोनिमोसच्या चर्चमध्ये आहे.

२८ नंबरच्या ट्राममध्ये पाकीटमार असतात. सकाळी लवकर, मार्तिम मोनिझच्या पहिल्या थांब्यावरून बसा.

हॉटेलात न मागता पाव, ऑलिव्ह, चीज पुढ्यात येतं. खाल्लं की बिलात लागतं. नको असेल तर हात न लावता परत पाठवा. शाकाहाऱ्यांनी ‘काल्दु वेर्द’ हे पालेभाजीचं सूप मागवण्याआधी विचारावं, कारण त्यात बहुधा डुकराच्या सॉसेजची चकती असते.