मागचा ब्रेक तापत असेल तर दोष कुठे शोधावा

कुंभार्ली, आंबा, फोंडा किंवा आंबोली यांपैकी कोणताही घाट उतरून आल्यावर मोटारसायकलची मागची डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ब्रेकची चकती, तापलेली असणे हा दोष नव्हे. ब्रेक लावल्यावर गाडीच्या वेगातली ऊर्जा उष्णतेतच बदलते आणि ती डिस्कमध्ये उतरते. ब्रेक न वापरताही चाक तापत असेल, तर मात्र दोष आहे असे समजावे.

म्हणून पहिली तपासणी सपाट रस्त्यावर करावी. तारकर्ली-देवबागसारख्या किनाऱ्यालगतच्या, चढउतार नसलेल्या रस्त्यावर पाय मागच्या पेडलपासून पूर्ण दूर ठेवून, केवळ पुढचा ब्रेक आणि गिअर वापरत काही किलोमीटर गाडी चालवावी. खड्ड्यांच्या किंवा ओल्या रस्त्यावर पाय सतत पेडलवर टेकवून ठेवण्याची सवय अनेकांना असते, आणि कित्येकदा सगळा दोष तेवढाच असतो. तसे नसेल तर गाडी मेन स्टँडवर घेऊन, न्यूट्रलमध्ये, मागचे चाक हाताने फिरवावे. पॅड (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारे तुकडे) हलके घासल्याचा आवाज येणे स्वाभाविक आहे, पण चाक ढकलताना जोर लागता कामा नये. डिस्कला हात लावू नये. पाण्याचे एक-दोन थेंब टाकून ते चर्रर्र करून उडाले, तर डिस्क १०० अंश सेल्सिअसच्या वर गेली आहे असे समजावे. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण ती वाकू शकते. डिस्कपेक्षा चाकाचा मधला भाग अधिक तापला असेल, तर ब्रेक सोडून आधी बेअरिंग आणि चेनचा ताण तपासावा.

ब्रेक पकडून राहत आहे हे निश्चित झाले, की तो केव्हा पकडतो याकडे बारकाईने लक्ष द्यावे. सकाळी थंड गाडीचे चाक मोकळे फिरते, चालवता चालवता ते जड होत जाते, पेडलची मोकळीक कमी होते आणि अर्धा तास उभी केल्यावर गाडी आपोआप मोकळी होते, असे असेल तर ब्रेक ऑइल तापून प्रसरण पावत आहे आणि त्याला ब्रेक ऑइलच्या टाकीत परत जायला वाट मिळत नाही. याउलट चाक थंड असतानाही तितकेच जड फिरत असेल, तर संशय कॅलिपरवर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागावर, घ्यावा. हा पुरावा फार मोलाचा आहे आणि गाडी गॅरेजमध्ये पोहोचून थंड होईपर्यंत तो हमखास नाहीसा होतो. त्यामुळे मेकॅनिकला सांगण्यासाठी तो आपणच टिपून ठेवला पाहिजे.

यानंतरची चाचणी निर्णायक आहे आणि ती ब्रेक पकडलेला असतानाच करावी लागते. कॅलिपरच्या ब्लीडरला (ऑइल आणि हवा बाहेर काढण्याच्या छोट्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक बाटलीत सोडावे, डोळे आणि हात झाकावेत, आणि योग्य मापाच्या रिंग पान्याने ब्लीडर पाव फेरा सैल करावा. ऑइल जोराने बाहेर आले आणि चाक लगेच मोकळे झाले, तर दाब अडकून राहिला होता, म्हणजे दोष कॅलिपरच्या आधी, ब्रेकच्या नळीत, मास्टर सिलेंडरमध्ये (पेडल दाबल्यावर ऑइलवर दाब देणाऱ्या भागात) किंवा पेडलमध्ये आहे. ऑइल नुसते ठिबकले आणि चाक तसेच जड राहिले, तर दोष कॅलिपरमध्येच आहे. नळी आणि मास्टर सिलेंडर यांतला दोषी ओळखण्यासाठी ब्लीडर बंद करून ब्रेक पुन्हा पकडू द्यावा आणि या वेळी मास्टर सिलेंडरकडील नळीचा बोल्ट सैल करावा. तिथे चाक मोकळे झाले तर दोष मास्टर सिलेंडर किंवा पेडलचा, आणि तिथे न होता केवळ ब्लीडरवर झाले तर नळी आतून फुगून बंद झाली आहे. सिंगल चॅनल एबीएस (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) फक्त पुढच्या चाकाला असते, त्यामुळे तशा गाडीवर ही चाचणी चालते. मागच्या चाकालाही एबीएस असेल तर हे काम सर्व्हिस सेंटरवर सोपवावे. चाचणीनंतर नळीच्या बोल्टला नवे वॉशर घालून ब्रेकमधली हवा काढणे आवश्यक आहे, आणि रंगावर सांडलेले ऑइल पाण्याने लगेच धुवावे.

मास्टर सिलेंडर दोषी ठरला, तरी तो बदलण्याची घाई करू नये. पेडल सोडलेले असताना पुशरॉडला (पेडल आणि मास्टर सिलेंडरचा पिस्टन यांमधल्या दांड्याला) बोटांनी किंचित मोकळीक जाणवली पाहिजे. कोणी पेडलची उंची बदलताना ती घालवली असेल, तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि ऑइल परतण्याचे बारीक छिद्र झाकलेलेच राहते. पेडलचा पिव्हट जमिनीजवळ असल्याने त्यात तांबडा चिखल आणि खारा गंज बसतो, आणि मग स्प्रिंग चांगली असूनही पेडल मागे येत नाही. टाकीचे झाकण उघडून पेडल अगदी हलके दाबावे. सुरुवातीलाच ऑइलच्या पृष्ठभागावर लहानसा तरंग उठला तर छिद्र उघडे आहे. टाकी खुणेच्या वर काठोकाठ भरलेली नाही, हेही याच वेळी पाहावे.

कोकणात मात्र कॅलिपर दोषी निघण्याची शक्यता मला अधिक वाटते. वाळूवर गाडी नेणारे, जेट्टीवर रोज माशांची ने-आण करणारे, यांच्या गाड्यांवर मीठ साचतच असते. एका बाजूला पिस्टन असलेला कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो, त्या पिना गंजून अडकल्या की एक पॅड दुसऱ्यापेक्षा बराच अधिक झिजतो, आणि ही खूण कॅलिपर न उघडताही दिसते. पिना साफ करून त्यांना ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावावे. पिस्टनचे काम वेगळे आहे: त्याच्याभोवतीचे चौकोनी काटछेदाचे रबरी सील ब्रेक लावताना किंचित पिळते आणि पेडल सोडल्यावर पूर्ववत होताना पिस्टनला मागे खेचते. सीलच्या खाचेत गंज किंवा क्षार साचला, तर हे खेचणे थांबते. ही खाच साफ करताना पेट्रोल, डिझेल किंवा साधे ग्रीस वापरू देऊ नये, कारण त्यांनी रबर फुगते आणि दुरुस्त केलेला ब्रेक पुन्हा पकडू लागतो.

तापलेल्या ब्रेकचा खरा धोका ऑइल उकळण्यात आहे. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, पण हवेतली आर्द्रता शोषून घेतल्यावर तो १५५ अंशांपर्यंत उतरू शकतो. वाफ झाली की पेडल पायाखाली पोकळ लागते आणि ब्रेक लागतच नाही. किनाऱ्यावरच्या दमट हवेत ऑइल दोन वर्षे टिकवण्यापेक्षा दर पावसाळ्यानंतर बदलावे, असे माझे मत आहे.

ड्रम ब्रेकची तपासणी लवकर आटोपते. पेडलची मोकळीक मॅन्युअलप्रमाणे आहे का, रॉड सोडल्यावर ब्रेकचा लिव्हर स्वतःहून मागे येतो का, आणि लायनर ड्रमवर ढकलणारा आतला कॅम गंजला आहे का, एवढे पाहावे. लायनरची धूळ फुंकून उडवू नये. ओल्या फडक्याने पुसावी.

दुरुस्ती झाल्यावर सपाट रस्त्यावरची पहिली तपासणी तशीच पुन्हा करावी, आणि चाक गरम असतानाही हाताने मोकळे फिरते हे पाहिल्याशिवाय गाडी घाटात नेऊ नये.