भिंतीवरचं जुनं नाव झाकताय? या चुका टाळा

गाळा नव्या माणसाकडे गेला की पहिलं काम निघतं बोर्डाचं. डिझाइन व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं, रंगावरून घरात वाद होतात, आणि भिंतीकडे मात्र बोर्ड बसवायच्या दिवशीच नीट बघितलं जातं. तिथे आधीच्या दुकानाचं नाव असतं. ‘झाकलं जाईल हो’ म्हणत काम उरकतं आणि जूनच्या पावसात ते नाव पुन्हा वाचता येऊ लागतं. मग बोलणी खातो बोर्डवाला, दोष मात्र बहुतेक वेळा मागच्या भिंतीत असतो.

ऑइलपेंटवर नुसते दोन हात मारणं

ठाण्याच्या नौपाड्यातल्या जुन्या इमारतींवर पेंटरने ब्रशने काढलेली नावं असतात. अक्षरं ऑइलपेंटची, भोवतालची भिंत चुन्याची किंवा सिमेंट पेंटची. वरून इमल्शनचे दोन हात मारले की उन्हाळाभर सगळं एकसारखं दिसतं. पाऊस लागला की भोवतालचं प्लास्टर पाणी पिऊन काळपट होतं, ऑइलपेंटचा थर पाणी पीत नाही, म्हणून तेवढा भाग फिकट राहतो आणि नाव उमटतं. लाल अक्षरांचा ताप आणखी वेगळा. काही जुने लाल रंग नव्या रंगात उतरतात आणि पांढऱ्यावर गुलाबी झाक येते. तिसरा-चौथा हात मारूनही ती जात नाही. आधी अक्षरं खरवडा, उरलेली चकाकी पॉलिशपेपरने पूर्ण मारा, मग डाग अडवणारा प्राइमर लावा आणि त्यानंतरच रंग.

याहून वाईट म्हणजे ऑइलपेंटवर थेट पुट्टी. व्हाइट सिमेंटच्या पुट्टीला खालची भिंत खरखरीत आणि थोडी पाणी पिणारी लागते. गुळगुळीत ऑइलपेंटला ती नुसती चिकटते, धरत नाही. ओल आली की पोपडे सुटतात, तेही नेमके अक्षरांच्या आकारात. आधी ‘भांडार’मधल्या ‘भ’ची गाठ सुटते, मग काना, मग शिरोरेषेचा एक लांब तुकडा खाली येतो. पुट्टी-रंगाचा खर्च करून आधीच्या मालकाची जाहिरात!

उठावाच्या अक्षरांवर शीट ठोकणं

सिमेंटमध्ये उठावाने केलेली नावं असतील तर त्यांवर थेट एसीपी (अ‍ॅल्युमिनियम कंपोझिट पॅनल) शीट लावू नका. ही शीट जेमतेम 3-4 मिलिमीटरची असते. एका जागी टेकते, दुसरीकडे पोकळ राहते आणि वाऱ्याने वाजते. स्क्वेअर पाईपची फ्रेम अक्षरांच्या उंचीच्याही पुढे काढून तिच्यावर शीट बसवा.

छिन्नीने फोडायची घाईही नको. आधी हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा. बद्द आवाज आला तर गिलावा विटेपासून सुटलेला आहे. एक अक्षर फोडायला जाल आणि हातभर प्लास्टर फुटपाथवर येईल. माझं मत विचाराल तर इमारतीचं नाव आणि बांधल्याचं साल असं उठावात असेल तर ते फोडूच नये. बोर्ड फूटभर खाली घ्या. गिऱ्हाईक तेवढ्याने चुकत नाही.

शिरोरेषेपासून माप घेणं

ही चूक हमखास होते. झाकायच्या जुन्या अक्षराची उंची म्हणून शिरोरेषेपासून पायापर्यंत टेप लावतात. वेलांटी, रफार, मात्रा वर असतात आणि उकार खाली लोंबतो, हे बोर्ड चढल्यावर लक्षात येतं. नवा चकचकीत बोर्ड, आणि त्याच्या वर डोकावणारा कुणाचा तरी रफार. जुन्या पेंटरने दिलेली सावली, नक्षी, खालचा फोन नंबर, सगळं धरून बाहेरच्या कडांचं माप घ्या आणि चारी बाजूंना निदान दोन-दोन इंच जास्त ठेवा.

थेट भिंतीवर सुटी अॅक्रिलिकची किंवा स्टीलची अक्षरं लावायची असतील तर मागे पॅनल हवंच. दोन अक्षरांच्या फटीतून जुनं नाव दिसतं. आणि बोर्डाबाहेर भिंतीवर डागडुजी केली असेल तर वरून भिंतीलगत पडणारा स्पॉटलाईट टाळा. दिवसा न दिसणारा प्रत्येक उंचवटा त्या तिरप्या उजेडात उघडा पडतो.

जुने बोल्ट तसेच ठेवणं

आधीचा बोर्ड काढताना बोल्ट भिंतीलगत कापतात आणि वर रंग मारतात. उरलेला लोखंडी तुकडा आतच गंजतो, फुगतो आणि प्लास्टर फोडतो. खाली तपकिरी ओघळ येतात. वाशी-बेलापूरच्या खाडीकडच्या हवेत हे आणखी लवकर होतं. बोल्ट आत खोलवर कापा किंवा काढा आणि भोक नीट बुजवा. नवे फास्टनर प्लास्टरमध्ये अडकून राहता कामा नयेत, विटेपर्यंत किंवा काँक्रीटपर्यंत पोहोचले पाहिजेत. 13 मे 2024 ला घाटकोपरला होर्डिंग पडून 17 माणसं गेली. तुमचा बोर्ड त्यापुढे चिमुकला असेल, पण तोही माणसांच्या डोक्यावरच लटकणार आहे.

परवानगीचं थोडक्यात: सोसायटीचं पत्र आधी घ्या, महापालिकेच्या जाहिरात आणि परवाना विभागात आधी विचारा. आणि दुकानाच्या पाटीवर मराठी नाव देवनागरीत, सुरुवातीला आणि इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान नाही असं हवं. 2022 च्या दुरुस्तीनंतर हे दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही लागू आहे. जुनं मराठी नाव झाकून वर नुसतं इंग्रजी लावाल तर बोर्ड दुसऱ्यांदा करावा लागेल.

भिंतीचं काम मेच्या पहिल्या पंधरवड्यात आटपा, म्हणजे रंगाला वाळायला वेळ मिळतो. बोर्ड चढला की वरच्या कडेवरून बादलीभर पाणी हळूहळू सोडून बघा. वायरिंगचे जोड आधी झाका आणि लाईन बंद ठेवा. मागून ओघळ आला तर कारागीर शिडीवर असतानाच वरची फट सिलिकॉनने बंद करून घ्या, खालची मात्र पाणी निघायला उघडी राहू द्या. उरलेले पैसे त्यानंतर द्या.